कोळशाच्या पोटातला वायू

आसनसोल हे काही मराठी माणसाने हौसेने जाण्याचे गाव नव्हे. मुंबईहून प्रयागमार्गे कलकत्त्याला जाणारी मेल तेथे थांबते. प्रवासी खिडकीतून चहा घेतो आणि पुढे जातो. आमचा एक जुना विद्यार्थी तेथल्या कोळशाच्या खाणीत इंजिनियर आहे, म्हणून गेल्या हिवाळ्यात आम्ही उभयता मुद्दाम उतरलो.

राणीगंजच्या या पट्ट्यात १७७४ पासून कोळसा निघतो आहे. पण कोळसा एकटा निघत नाही, हे शहरातल्या माणसाच्या गावीही नसते. सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वी दलदलीतली झाडे गाडली गेली, वरच्या थरांखाली दबली, पोटातल्या उष्णतेने शिजली. तेव्हाच त्यांच्यातून मिथेन वायू निघाला. बराचसा उडून गेला. उरलेला कोळशाच्या सूक्ष्म छिद्रांच्या भिंतींना चिकटून राहिला. भोवतालच्या पाण्याचा दाब त्याला हलू देत नाही. खाण खणली, दाब हटला, की तो सुटतो. त्याला ना रंग, ना वास! हवेहून हलका, म्हणून बोगद्याच्या छताशी जमतो. हवेत त्याचे प्रमाण शेकडा ५ ते १५ झाले की एक ठिणगी पुरे.

विद्यार्थ्याने टेबलावरचा जुना दिवा दाखवला. हम्फ्री डेव्हीने १८१५ मध्ये काढलेल्या युक्तीचा हा वंशज. ज्योतीभोवती तारेची बारीक जाळी. ती उष्णता शोषून घेते आणि ज्वाला बाहेर पडू देत नाही.

"सर, ज्योतीवर निळी टोपी चढली की समजायचे, पाहुणा आला."

आता हे काम विजेची उपकरणे करतात. इंग्रज खाणकामगार या वायूला 'फायरडॅम्प' म्हणत. यातला 'डॅम्प' म्हणजे ओल नव्हे. तो जर्मन भाषेतल्या वाफेच्या शब्दाचा भाऊबंद. (मास्तराची खोड, दुसरे काय!) स्फोटानंतर उरतो तो 'आफ्टरडॅम्प'. त्यात विषारी कार्बन मोनॉक्साइड असतो, आणि ज्वाळेतून वाचलेले त्याने जातात.

जवळच चिनाकुरीची खाण आहे. १९ फेब्रुवारी १९५८ रोजी तेथल्या स्फोटात सुमारे पावणेदोनशे माणसे गेली. हे सांगताना आमच्या विद्यार्थ्याचा आवाज खाली आला.

गंमत अशी, की याच वायूला आता गिऱ्हाईक आहे. न खणलेल्या थरापर्यंत विहिरी पाडायच्या, आतले पाणी उपसायचे. दाब उतरला की वायू आपोआप वर येतो. आसनसोलच्या परिसरात २००७ पासून त्याची विक्री होते, त्यावर मोटारीही धावतात.

खाणीत मात्र अजून खरा आधार वाऱ्याचाच. जमिनीवरचा प्रचंड पंखा रात्रंदिवस हवा खेळवतो. तो थांबला तर माणसे वर काढावी लागतात. वसाहतीत रात्रभर त्याची घरघर ऐकू येत होती. आमच्या सौभाग्यवतींना झोप लागेना. सकाळी त्यांनी तसे बोलून दाखवले, तेव्हा सूनबाई चहा गाळता गाळता म्हणाली,

"काकू, तो बंद पडला तर मला जाग येते. हे रात्रपाळीला असले, की मी त्याच आवाजावर झोपते."