फाईल जाईना झालीया

‘सर, फाईल जाईना झालीया’ आणि ‘नुसतं गोल गोल फिरतंय’ या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. पहिलीत बहुतेक वेळा फाईल आकारामुळे किंवा प्रकारामुळे नाकारली गेलेली असते. दुसरीत ती अजून वाटेतच असते. हातकणंगल्यात आमच्याकडची बहुतेक मुलं फोनवरूनच असाइनमेंट भरतात. त्यांना मदत करताना आधी पडद्यावर नेमकं काय आलंय ते शांतपणे वाचावं, मग पुढचं.

*

आकाराचं गणित. १२ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याने वहीच्या पानाचा फोटो काढला की तो सहज ३-४ एमबीचा होतो. दहा पानांचं जर्नल ३०-४० एमबी. आणि असाइनमेंटची मर्यादा ५! तेच ए४ पान १५० डीपीआयने स्कॅन केलं तर १२४० गुणिले १७५४, म्हणजे २२ लाखांच्या आसपास पिक्सेल होतात. फोटोत असतात १ कोटी २० लाख. तपासणाऱ्याला अक्षर लागायला २२ लाख पुरतात. स्कॅनर ॲपमध्ये कृष्णधवल पर्याय घेतला की फाईल आणखी उतरते.

*

मर्यादा एक नसते, चार-पाच असतात, आणि त्यांतली सगळ्यांत लहान ती खरी. असाइनमेंट जिथं भरतात ते मूडल २००२ पासून आहे. ऑस्ट्रेलियातल्या मार्टिन डुगियामास यांनी ते बनवलं आणि फुकट खुलं ठेवलं, म्हणून लहान कॉलेजांनाही परवडतं. ते चालतं पीएचपीवर. पीएचपीत मुळात एका फाईलला २ एमबी आणि अख्ख्या फॉर्मला ८ एमबी एवढीच मुभा असते. कुणी बदलली नाही तर तशीच राहते. त्यावर साइटची मर्यादा, मग कोर्सची, मग असाइनमेंटची. शिक्षकाला २० एमबी द्यायचे असतात, पण वरच्या मर्यादेमुळे निवडायच्या यादीत तो आकडाच नसतो.

याहून फसवं प्रकरण एनजिनएक्सचं. हा सर्व्हर पुढे उभा असेल तर त्याची मूळ मर्यादा १ एमबी. मूडल २० दाखवतं, मुलगा ६ एमबीची फाईल पाठवतो आणि ती दारातच अडते. क्रमांक ४१३ दिसला तर दोष मुलाचा नाही, शिक्षकाचाही नाही. सर्व्हर सांभाळणाऱ्याला फोन करावा.

*

नाव बदलून फाईल बदलत नाही. जेपीईजीच्या शेवटी पीडीएफ लिहिलं तरी आतला फोटो फोटोच राहतो. नाव पाहून मूडल कदाचित घेईल, पण शिक्षकाकडे ती उघडणार नाही. आयफोन २०१७ पासून एचईआयसी प्रकारात फोटो ठेवतो, तिथंही हीच अडचण.

*

‘फाईलचं नाव इंग्रजीतच द्या’ हा सल्ला मला पटत नाही. मराठी नाव चालतं, फक्त लांब नको. युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं. मात्रा आणि हलन्त वेगळे मोजले जातात. नुसता ‘प्रकल्प’ हा शब्द २१ बाइटचा. लिनक्सवर फाईलच्या नावाला सहसा २५५ बाइटच मिळतात, त्यामुळे शिक्षक सगळ्यांच्या उत्तरांची झिप उतरवून उघडतात तेव्हा लांबलचक नावं अडतात. रोल नंबर आणि विषय, बास.

*

गोल फिरणाऱ्यांसाठी. मोबाइल नेटवर फाईल उतरवण्याचा वेग बरा असतो, चढवण्याचा बराच कमी. १ एमबीपीएसने ४० एमबी चढवायला साडेपाच मिनिटं तरी लागतात. तेवढ्यात मिरजेची गाडी धरली, पडदा लॉक झाला, रेंज गेली, की साध्या वेब फॉर्ममधली फाईल पुन्हा पहिल्यापासून. म्हणून आधी आकार कमी करावा आणि मग एका जागी बसून पाठवावं. मूडलच्या मोबाइल ॲपमध्ये रेंज नसताना काम जतन करून नंतर पाठवायची सोय आहे. ती फार थोड्यांना माहीत असते.

*

सगळ्यांत जास्त हळहळ वाटते ती इथं. फाईल चढली, नाव दिसलं, मुलगी फोन ठेवून उठली. जमा काहीच झालं नाही. मूडल आधी फाईल कच्च्या जागेत ठेवतं. ‘सेव्ह चेंजेस’ दाबल्यावरच ती असाइनमेंटला लागते. काही ठिकाणी वर ‘सबमिट असाइनमेंट’ही दाबावं लागतं. ‘सबमिटेड फॉर ग्रेडिंग’ दिसेपर्यंत उठू नये, आणि दिसलं की त्याचा स्क्रीनशॉट ठेवावा.

*

कुंभोज आमच्याच तालुक्यातलं. कर्मवीर भाऊराव पाटलांचा जन्म तिथला, १८८७ चा. गरिबीमुळे कुणाचं शिकणं अडू नये म्हणून त्यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली, ‘कमवा आणि शिका’ रुजवलं. त्याच तालुक्यात एखाद्याचे गुण फोनमध्ये जागा उरली नाही म्हणून जावेत, किंवा घरातला एकच फोन इचलकरंजीत मागावर रात्रपाळीला गेलेल्या वडिलांजवळ आहे म्हणून जावेत, हे मला सहन होत नाही. असा विद्यार्थी आळशी नसतो. त्याला एक दिवसाची मुदत द्यायला काहीच हरकत नाही.

*

शिक्षकांना विनंती. असाइनमेंट मुलांना देण्याआधी आपल्या फोनवरून, मोबाइल डेटावर, विद्यार्थ्याच्या खात्यातून दहा पानांची फाईल एकदा चढवून बघा. मर्यादा किती आणि फाईल कोणत्या प्रकारची हवी, ते प्रश्नाखाली मराठीत लिहा. आणि शेवटची वेळ रात्री ११:५९ न ठेवता संध्याकाळी ५ ठेवा. त्या वेळी लॅब उघडी असते, अडलेल्याला विचारायला माणूस असतो.