त्याला सांग, डावीकडे वळ

गेल्या महिन्यात लग्नाची एक पत्रिका द्यायला निघालो होतो. पत्ता उल्हासनगर पाच नंबरचाच, मी जन्मलो-वाढलो त्या कॅम्पातला. मोबाइल स्कूटरच्या हँडलला अडकवला आणि नकाशातल्या आवाजामागे निघालो. त्या आवाजाने मला एका जीन्सच्या कारखान्याच्या मागच्या भिंतीशी नेऊन सोडलं आणि सांगितलं, तुम्ही पोहोचला आहात. भिंतीपलीकडे शिलाई मशीन धडधडत होत्या. बाजूच्या टपरीवर चार माणसं चहा पीत बसली होती. त्यांना विचारायचं माझ्या मनातही आलं नाही. मी नकाशा बंद केला, पुन्हा उघडला, पत्ता वेगळ्या तऱ्हेने टाकून पाहिला. वीस मिनिटं गेली. शेवटी बाबांना फोन लावला.

"पिंपळ दिसतो का?" त्यांनी विचारलं. "त्याच्याकडे पाठ कर. तिसरी गल्ली. आत गेलास की हातपंप होता, आता नसेल. तिथेच."

दीड मिनिटात मी दारात होतो.

बाबा पोस्टमन होते. आमच्या गावाचे पत्ते बाहेरच्या माणसाला चमत्कारिक वाटतात. दुसऱ्या महायुद्धात इथे लष्कराची छावणी होती, 2,126 बराकींची. फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबं त्या बराकींत राहिली. 8 ऑगस्ट 1949 रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते गावाचं उल्हासनगर असं बारसं झालं. पुढे बराकी पडल्या, त्या जागी चार-पाच मजली इमारती आल्या, पण पत्त्यात अजून 'बीके नंबर' लिहितात. बीके म्हणजे बॅरेक. म्हणजे आम्ही आजही अशा घरांच्या पत्त्यावर राहतो, जी घरं नाहीत. ती नसलेली घरं बाबांच्या डोक्यात मात्र ओळीने उभी आहेत.

असेच रस्ते डोक्यात ठेवणाऱ्या लंडनच्या टॅक्सीचालकांचा अभ्यास झाला होता. परवान्यासाठी त्यांना शहरातले सुमारे 25,000 रस्ते पाठ करावे लागतात. संशोधक एलिनॉर मॅग्वायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2000 साली दाखवलं की, या चालकांच्या मेंदूत जागा लक्षात ठेवणाऱ्या हिप्पोकॅम्पसचा मागचा भाग इतरांपेक्षा मोठा असतो, आणि जितकी वर्षं टॅक्सी चालवली तितका तो जास्त मोठा. म्हणजे रस्ते शोधून शोधून माणसाचा मेंदू घडतो. तो बाबांचा घडला. माझा मी फोनवर सोपवून टाकला, हे मला त्या भिंतीशी उभं असताना कळलं आणि वाईट वाटलं.

पण त्याहून जास्त मला टपरीवरच्या त्या चार माणसांचं लागून राहिलं आहे. रस्ता विसरणं एक वेळ समजू शकतो. विचारावंसंच वाटलं नाही, याची मला भीती वाटते. हे गाव विचारत विचारत उभं राहिलं आहे. फाळणीनंतर कल्याणला उतरलेल्या माणसाने विचारलं असेल, आमच्या गावचं कोणी इकडे आलंय का? बाबा सांगतात, नुसतं नाव लिहिलेली पत्रं यायची, तेव्हा ते बराकीच्या तोंडाशी उभे राहून हाक मारायचे आणि दहा बायका पत्ता सांगायच्या. तो सांगताना कोणाच्या घरी आजारपण आहे, कोणाचं लग्न ठरतंय, हेही कळायचं. आता उत्तर मिळतं, पण उत्तर देणारं माणूस मिळत नाही. आणि ज्याला आपण कधी काही विचारलं नाही, त्याच्या अडचणीला धावून जायचंही आपल्याला सुचत नाही.

माझी मावशी बदलापूरला राहते. ऑगस्ट 2024 मध्ये दोन लहान मुलींवरच्या अत्याचाराने सगळं बदलापूर पेटून उठलं होतं. 20 तारखेला लोक दिवसभर रुळांवर होते. त्यानंतर अफवा पसरू नयेत म्हणून तिथलं इंटरनेट बंद ठेवलं. मावशी दूध आणायला खाली उतरली, तर पैसे फोनमध्ये. दुकानदाराने फळीवरची उधारीची जुनी वही काढली, धूळ झटकली आणि तिला नाव विचारलं. सहा वर्षं ती रोज त्याच्याकडून दूध घेत होती. त्या बंदीचं मी कौतुक करत नाही. बातमी तोडली की घबराटही वाढते, आणि रागावलेल्या लोकांना एकमेकांशी बोलता येणं गरजेचं असतं. पण सहा वर्षांनी नाव विचारलं गेलं, हे मावशी मला सांगत होती तेव्हा तिचा आवाज जड झाला होता.

फोन बाजूला ठेवायची एकट्याने शपथ घेऊन काही होत नाही; मी तीनदा घेतली, तीनदा मोडली. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने हे ओळखलं. कोरोनात ऑनलाइन शाळेच्या निमित्ताने मुलांच्या हातात आलेले फोन सुटेनात, तेव्हा 2022 च्या स्वातंत्र्यदिनापासून तिथे संध्याकाळी सातला भोंगा वाजू लागला. साडेआठला दुसरा वाजेपर्यंत टीव्ही आणि मोबाइल बंद. अख्खं गाव एकाच वेळी थांबतं, म्हणून आपला फोन बंद असताना आपलं काही हुकतंय असं वाटत नाही. पाच नंबरमध्ये असा भोंगा वाजेल असं मला वाटत नाही. इथे रात्री दहालाही माल निघतो आणि ऑर्डरी फोनवरच येतात.

आणि फोनने दिलेलं मी नाकारू कसं? आमच्या शेजारच्या अम्मा सिंधमधल्या सक्करच्या. सात वर्षांच्या असताना आल्या. तिकडे पुन्हा जाणं झालं नाही. दोन वर्षांपूर्वी नातवाने त्यांना यूट्यूबवर सक्कर दाखवलं. कोणी मुलगा मोटारसायकलला कॅमेरा लावून बाजारातून जातो. आधी सिंधूवरचा 1889 सालचा लॅन्सडाउन पूल, मग घंटाघर, मग दुकानं. एवढं कोणाला विचारून त्यांना मिळालं नसतं. त्या दुसरं काही बघत नाहीत. तोच व्हिडिओ, रोज दुपारी.

परवा मी शेजारी बसलो होतो. मोटारसायकल एका वळणापाशी आली तशा त्या पुढे वाकल्या आणि नातवाला म्हणाल्या, "त्याला सांग ना, डावीकडे वळ." माझ्या आईशी बोलून बोलून त्यांचं मराठी पक्कं झालं आहे. मोटारसायकल सरळ गेली. नातू म्हणाला, "अम्मा, तो ऐकू नाही शकत." रोज असंच होतं म्हणे.

मी फोन पालथा ठेवला आणि विचारलं, "अम्मा, डावीकडे काय होतं?"

त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. मग सांगू लागल्या. गल्लीच्या तोंडाशी पकोडेवाला. दुपारी फरशीवर पाणी मारायचे, त्याचा वास. तिसरं दार आमचं, निळं. कडी उंच होती, हात पुरायचा नाही, म्हणून मी पायाने वाजवायचे. हे सांगताना त्यांचा उजवा पाय पलंगाच्या खुराला दोनदा लागला आणि आतून सुनेने विचारलं, "कोण आहे?"