जागलीचं पंचांग

आमच्या हिवरखेडच्या शिवारात पेरणी कशाचीही असो, रात्री शेतात माणूस लागतोच. उत्तरेला सातपुडा आणि त्याच्या पोटात मेळघाट. हरभरा घाट्यावर आला की रोही उतरतात, मका आणि भुईमूग रानडुकरं सोडत नाहीत. जागलीत काठी, बॅटरी, डबा वाजवणं हे सगळं नंतरचं. आज तिथी कोणती आणि चांद किती वाजता निघणार, हे घरून पाय काढतानाच ठाऊक असावं लागतं.

कारण डुक्कर अंधार धरून येतं. चांदणं पडलं की कळप धुऱ्याच्या झुडपांत रेंगाळतो, उघड्यावर यायला कचरतो, आणि आला तरी आपल्याला दुरून काळा ठिपका हललेला दिसतो. म्हणून जागल रात्रभर सारखी नसते. शुद्ध अष्टमीला दिवस मावळतो तेव्हा चांद डोक्यावर असतो आणि मध्यरात्रीला बुडतो. त्या रात्री पहिला पहर निवांत, खरी डोळ्यांत तेल घालायची वेळ बारानंतरची. वद्य अष्टमीला नेमकं उलटं. बारापर्यंत काळोख, मग पूर्वेला लालसर फोड उगवते आणि तासाभरात शेत उजळतं. घरात दोघं भाऊ जागलीला जाणारे असतील तर कोणी आधी झोपायचं, हे तिथी ठरवते.

आमच्या आबाजींचा हिशेब फार सुटसुटीत होता. पुनवेला दिवस मावळायला आणि चांद निघायला एकच गाठ. त्यानंतर वद्याची जितकी तिथी, तितक्या वेळा दोन-दोन घटका पुढं. घटका म्हणजे 24 मिनिटं, दोन घटका म्हणजे 48. तृतीयेला सहा घटका, म्हणजे दिवस मावळल्यावर सुमारे अडीच तास. दशमीला वीस घटका, आठ तास. रात्रीच्या दोनला चांद हवा असेल तर दशमीची वाट पाहायची. कोणी "काहो, आज चांद कवा निंघते?" म्हणून विचारलं की आबाजी बोटांची पेरं मोजून उत्तर द्यायचे आणि ते पाव-अर्ध्या तासाच्या आत बसायचं.

हा हिशेब का बसतो, ते शाळेत भूगोल शिकलो तेव्हा उमगलं. चंद्र रोज सूर्यापासून सुमारे 12 अंश पूर्वेला सरकतो. हेच 12 अंश म्हणजे एक तिथी. पृथ्वीला तेवढं जास्तीचं वळायला अंशाला 4 मिनिटं धरून 48 मिनिटं लागतात, आणि तेवढ्या वेळात चंद्र आणखी थोडा सरकतो म्हणून सरासरी 50 भरतात. उलट बाजूनं पाहिलं तर दिवसाच्या 60 घटका 30 तिथींना वाटल्या की वाट्याला दोनच येतात. हे डोळ्यांनी पाहायचं असेल तर चांद रोहिणीच्या लाल तारकेजवळ असेल तेव्हा पाहा. हात लांब करून मूठ धरली तर आकाशाचे साधारण 10 अंश झाकले जातात. दुसऱ्या रात्री त्याच वेळी चांद त्या तारकेपासून मूठभराहून जास्त पूर्वेला गेलेला असतो.

आपले सणही याच घड्याळावर बसले आहेत. गोकुळाष्टमीला मध्यरात्रीच्या सुमारास जन्म होतो, तेव्हा पूर्वेला चांद निघत असतो, कारण तिथी वद्य अष्टमी. महाशिवरात्रीला वद्य चतुर्दशी, म्हणून जवळजवळ सगळी रात्र काळी आणि पहाटे कोर. गणेश चतुर्थीचा चांद मात्र सकाळीच निघालेला असतो. शुद्ध पक्षात उगवणं दिवसा होतं, ते कोणी बघत नाही. लोकांना दिसतं ते संध्याकाळी पश्चिमेला टेकलेलं.

पण 48 मिनिटांवर आंधळेपणानं विसंबू नये. ऋतू त्यात हात घालतो. कोजागिरीच्या आसपास चंद्राची वाट पूर्वेच्या क्षितिजाशी तिरकी, आडवी पडते. त्यामुळं तो रोज 40 मिनिटांच्या आसपासच मागं पडतो आणि पुनवेनंतरही तीन-चार रात्री चांदणं लवकर मिळतं. सोयाबीन निघालेलं, तूर फुलोऱ्यात, रात्री कामाला माणूस लागतो, तेव्हा हे चांदणं फार उपयोगी. चैत्र-वैशाखात हाच फरक 50 ते 60 मिनिटांवर जातो आणि पुनवेनंतर अंधार भराभर वाढतो.

चांद निघायची जागाही बदलते. पौषाच्या पुनवेचा चांद ईशान्येकडं सरकून निघतो, जिथं ज्येष्ठात सूर्य उगवतो. डोंगराच्या पायथ्याच्या शेतांना तो रांगेआडून येतो. डोंगराचा माथा नजरेच्या रेषेपासून दोन अंश वर असला तर पंचांगाच्या वेळेनंतर आठ-दहा मिनिटं थांबावं लागतं. 2024-25 च्या हिवाळ्यात तर चांद सूर्य कधीच जात नाही इतका उत्तरेला जाऊन निघत होता. 18.6 वर्षांचं ते चक्र आहे. पौषातला हा चांद मध्यरात्री थेट डोक्यावर येतो, सावली पायांत गोळा होते, हरभऱ्याच्या तासांत काही लपत नाही. वैशाखातला मात्र दक्षिणेकडून खालून जातो, ऐन मध्यरात्रीही झाडांच्या सावल्या लांब पडतात. मेळघाटात बुद्धपौर्णिमेला मचाणावर बसून पाणवठ्यावर येणारी जनावरं मोजतात. पानगळ झालेली असते, पाणी मोजक्याच जागी उरलेलं असतं आणि चांद रात्रभर साथ देतो, म्हणून ती रात्र निवडलेली. पाणवठ्याच्या दक्षिणेला दाट झाडं असतील तर मात्र पाण्यावर सावली पडते, हे मचाणाची जागा पाहताना ध्यानात घ्यावं.

आता तिथी मोबाईलवर मिळते आणि वेळही मिळते. तरी मी पोरांना पेरांवरचा हिशेब शिकवतो, कारण नुसती वेळ वाचणाऱ्याला उद्याची वेळ पुन्हा वाचावी लागते, आणि दोन घटका ठाऊक असलेल्याला पुढचा सगळा पंधरवडा दिसतो. कोणत्या आठवड्यात सांजेपासून जागायचं आणि कोणत्या आठवड्यात पहाटेसाठी उठायचं, ते तो पुनवेलाच ठरवू शकतो.

एक गोष्ट वऱ्हाडातल्या घरांसाठी. संकष्टी वद्य चतुर्थीची, ज्या दिवशी चंद्रोदयाला चतुर्थी असते त्या दिवशी उपास. शरदात चांद साडेआठच्या आसपास दिसतो, वैशाख-ज्येष्ठात दहा वाजून जातात, आणि म्हाताऱ्या माणसांना ते दीड तास जड जातात. दिनदर्शिकेत छापलेली वेळ मुंबईची असेल तर आपल्याकडं तिथवर थांबायचं कारण नाही. हिवरखेड मुंबईच्या पूर्वेला सुमारे 4 अंश आहे. अंशाला 4 मिनिटं धरली तर आपला चांद पाव तास आधीच निघतो. येत्या संकष्टीला छापील वेळेतून पंधरा मिनिटं वजा करा, पूर्वेकडं मोकळ्या जागी उभे राहा, आणि चांद दिसला की घरच्या वडीलधाऱ्यांचा उपास सोडवा.