मुकी नायिका आणि माझी वाचायची खोड

जलपरी, चेटकीण, राजपुत्र म्हटल्यावर गोष्ट आपल्याला पाठ, असं मी धरून चालले. प्रागच्या राष्ट्रीय नाट्यगृहात ‘रुसाल्का’ ऑपेराला बहिणीच्या मुलीला घेऊन गेले, तेव्हा कथासारही वाचलं नव्हतं. वर, शेवटी दोघांचं लग्न होतं असं तिला छातीठोकपणे सांगून टाकलं. मला पाठ होती ती कार्टूनमधली जलपरी. अँडरसनच्या मूळ कथेतही लग्न होत नाही, हे तेव्हा आठवलंच नाही.

अंतोनिन ड्वोर्झाक यांचा हा ऑपेरा याच नाट्यगृहात ३१ मार्च १९०१ रोजी पहिल्यांदा झाला. संहिता यारोस्लाव्ह क्वापिल यांची. माझे कान संगीत नाटकावर पोसलेले. आधी गद्य, मग पद, आवडलं तर वन्समोअर. इथे वाद्यवृंद थांबतच नव्हता आणि मी आपली संवाद कधी सुरू होतात याची वाट बघत होते. रुसाल्काने चंद्राला उद्देशून गायलेलं गाणं तेवढं ओळखीचं वाटलं. ते संपल्यावर, आता असं दुसरं कधी, म्हणून मी हिशेब मांडत बसले.

खरी फजिती दुसऱ्या अंकात झाली. राजवाड्यात नाच रंगलेला, परदेशी राजकन्या राजपुत्रावर जाळं टाकतेय आणि नायिका गप्प. झग्याचा घोळ मुठीत धरून एका कडेला उभी.

‘‘घसा बसला असेल बिचारीचा,’’ मी कुजबुजले.

‘‘मावशी, आवाज चेटकिणीने घेतलाय ना!’’

माणूस व्हायचं तर माणसांपुढे मुकं राहायचं, ही चेटकीण येझिबाबाची अट पहिल्याच अंकात ठरली होती. रंगमंचावरच्या पाटीवर तिचं इंग्रजी भाषांतरही येऊन गेलं असणार. मी ते वाचलं आणि विसरले. आता पाटी कोरी दिसली की काही घडत नाही असं समजून मी छतावरचं सोनेरी काम न्याहाळायचे. म्हातारा जलपुरुष वोद्निक तळ्यातून वर आला आणि त्याच्यापुढे, आपल्या माणसापुढे, तिला एकदम कंठ फुटला, तेव्हा मी दचकले.

तिसऱ्या अंकात येझिबाबा तिच्या हाती सुरी देते. राजपुत्राला मारलंस तर शापातून सुटशील, म्हणते. रुसाल्का सुरी पाण्यात फेकते. पुढे तोच येऊन तिच्याकडे चुंबन मागतो आणि तिच्या मिठीत मरतो.

‘‘आपण मरणार हे त्याला माहीत होतं?’’ भाचीने विचारलं.

होतं. तिने त्याला आधी बजावलंही होतं. पण लग्नाचं आश्वासन देऊन बसलेली मी कार्यक्रमपत्रिका चाळत राहिले.

नंतर घरी दुसरा अंक नुसता ऐकला. नायिका मुकी असताना तिची सुरावट वाद्यवृंद वाजवत होता, कधी मोडून, कधी बदलून. तिचं म्हणणं तिथे चाललं होतं आणि मी छत बघत होते. भाचीचं तसं झालं नाही. तिला पाटीवरचं इंग्रजी भराभर वाचता येत नव्हतं, म्हणून ती सगळा वेळ रुसाल्काकडेच बघत होती.