वेचणीचे पैसे आणि रविवारची उपासना

पोस्ट लांब आहे, आधीच सांगतो. वेळ नसेल तर सेव्ह करून रात्री वाचा. पण आपल्या नाचणगाव-पुलगावकडच्या लोकांनी वाचावीच, कारण विषय सध्या शेतात उभा आहे.

कापसाची वेचणी सुरू आहे. गावातल्या सगळ्या ग्रुपवर कापसाचा भाव काय निघाला, सीसीआयची नोंदणी झाली का, ओलावा किती धरला, यावर दिवसभर मेसेज पडतात. वेचणाऱ्या बायांना पैसे कोणत्या दिवशी मिळाले, हे मात्र कोणी विचारत नाही. मी आज तेच विचारतोय.

मी ख्रिस्ती आहे हे गावात बहुतेकांना माहीत आहे. उभी नोकरी एका जिनिंगमध्ये हिशोब लिहिण्यात गेली आणि आता आमच्या छोट्याशा मंडळीचा खजिनदार आहे. म्हणून यात बायबल पण येईल आणि वही पण. जे ख्रिस्ती नाहीत त्यांनी "हे यांच्या चर्चचं काहीतरी" म्हणून पुढे सरकू नका. त्याच बाया तुमच्याही शेतात येतात.

दोन रविवारांपूर्वी उपासनेत मत्तयाच्या शुभवर्तमानातला द्राक्षमळ्याचा दाखला होता. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. एक मळेवाला सकाळीच चौकात जाऊन मजूर आणतो, एक दिनार रोज ठरवतो. मग नऊला जातो, बाराला जातो, तीनला जातो. पाच वाजता परत जातो तर काही जण अजून तिथेच उभे, कोणी कामावर नेलंच नाही. त्यांनाही तो मळ्यात पाठवतो. आपल्याकडचा मजुरांचा ठिय्या ज्याने पाहिला आहे, त्याला हे चित्र समजावून सांगावं लागत नाही. संध्याकाळी सगळ्यांना सारखाच रोज मिळतो आणि सकाळपासून राबलेले कुरकुरतात.

यावर प्रवचन बहुतेक वेळा देवाच्या कृपेवर होतं. त्या दिवशीही तसंच झालं, चांगलं झालं. नंतर चहाच्या वेळी एक शेतकरी भाऊ म्हणाले, "पाळकसाहेब, तासभर काम करणाऱ्याले पूर्ण रोज देला तं मालक दिवाळीपर्यंत बुडते." सगळे हसले. मागे एक काकू बसल्या होत्या. रोज वेचणीला जातात, एरवी बोलत नाहीत. त्या म्हणाल्या, "पण पैसे तं त्यानं त्याच संध्याकाळी देल्ले ना जी. बाजाराच्या दिवशी ये, कापूस विकला का ये, असं तं नाही म्हटलं."

हसणं थांबलं. मी हा दाखला कितीतरी वेळा वाचला आहे, ऐकला आहे. आम्ही सगळे "सारखा रोज का दिला" यावरच वाद घालत आलो. संध्याकाळ झाल्यावर मालक कारभाऱ्याला सांगतो की मजुरांना बोलाव आणि मजुरी दे, हे वाक्य आमच्या डोळ्यांखालून नुसतं निघून जायचं. काकू तिथेच थांबल्या, कारण त्यांचे पैसे कुठेतरी थांबलेले होते.

येशूने दाखल्यात ते वेगळं समजावलं नाही, कारण ऐकणाऱ्यांना तो नियम तोंडपाठ होता. मोशेच्या नियमशास्त्रात तो दोनदा येतो. लेवीय १९ मध्ये सांगितलं आहे की मजुराची मजुरी रात्रभर, सकाळ होईपर्यंत आपल्याजवळ ठेवायची नाही. अनुवाद २४ मध्ये कारणही दिलं आहे: तो गरीब आहे, त्याचा जीव त्या पैशात अडकलेला असतो, म्हणून सूर्य मावळण्याआधी दे. तो मजूर तुझ्या भाऊबंदांपैकी असो की परका, नियम एकच. नव्या करारात याकोबाने तर शेतमालकांना सरळ सुनावलं आहे की कापणी करणाऱ्यांची अडवून ठेवलेली मजुरी स्वतःच ओरडते आहे आणि ती ओरड देवापर्यंत पोचली आहे. आमच्याकडे याकोबाचं पत्र वाचतात ते जिभेवर ताबा ठेवण्यासाठी. पाचव्या अध्यायापर्यंत कमी लोक जातात, असा माझा अनुभव.

आता वहीकडे येतो. सहा बाया, दिवसाला सरासरी चाळीस किलो, किलोला दहा रुपये, आठवडाभर वेचणी. हिशोब होतो १६,८०० रुपये. हे पैसे महिनाभर थांबले तर काय होतं? मी जिनिंगमध्ये बसून ही साखळी उलगडताना पाहिली आहे. गाठींचे पैसे उशिरा आले की जिनिंगवाला व्यापाऱ्याला तारीख देतो. व्यापारी शेतकऱ्याला तारीख देतो, शेतकरी बाईला. बाई किराणा दुकानात उधारी करते आणि उधारीवाल्याला भावाची घासाघीस करता येत नाही. म्हणजे साखळीत जिच्याजवळ सगळ्यात कमी आहे, तिने वरच्या सगळ्यांना बिनव्याजी उसने दिले. बँकेत जाऊन १६,८०० मागून पाहा, सात-बारा मागतील. बाईने काहीच मागितलं नाही.

शेतकऱ्यांना शिव्या द्यायला मी बसलेलो नाही. बियाणं, खत, फवारणी, सगळं कर्जावर. सीसीआयला माल दिला तरी पैसा खात्यात यायला दिवस जातात, आणि पाऊस अवेळी आला तर कापूस झाडावरच काळा पडतो. हे सगळं खरं आहे. पण भाव वाढेल म्हणून कापूस घरात भरून ठेवता, तेव्हा भाव वाढला तर फायदा तुमचा. मग त्या थांबण्याचा खर्च बाईने कशाला सोसायचा? याचं उत्तर मला अजून कोणी दिलेलं नाही.

"बायबल वाचून शेती होत नाही" असं एक जण म्हणाला. म्हणून आपल्याच जिल्ह्यातल्या एका माणसाची गोष्ट सांगतो. वर्ध्याला मगनवाडीत मगन संग्रहालय आहे. शाळेच्या सहलीत पाहिलं असेल. १९३८ मध्ये गांधीजींच्या हस्ते ते सुरू झालं. त्या मगनवाडीत जे. सी. कुमारप्पा राहायचे. जन्म १८९२, तंजावरचं तमिळ ख्रिस्ती घराणं, आधीचं नाव जोसेफ चेल्लादुराई कॉर्नेलियस. लंडनला हिशोबतपासनीस झाले, मुंबईत ऑडिटचं काम जोरात चाललं, पुढे अमेरिकेत जाऊन अर्थशास्त्र शिकले. १९२९ मध्ये गांधीजींची भेट झाली आणि सूटबूट सुटला. १९३४ मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघ निघाला, त्याची धुरा यांच्यावर आली. घाणीचं तेल, हातकागद, गूळ, मधमाशा, हे सगळं काम वर्ध्यातून चालायचं. जमनालाल बजाजांनी दिलेल्या जागेत.

माझ्यासारख्या हिशोबनीसाला त्यांची आवडती गोष्ट बिहारची. १५ जानेवारी १९३४ ला तिथे मोठा भूकंप झाला. राजेंद्रप्रसादांच्या पुढाकाराने मदतनिधी उभा राहिला आणि हिशोब पाहायला कुमारप्पांना बोलावलं. त्यांनी कार्यकर्त्यांच्या जेवणाला दिवसाचे तीन आणे ठरवून दिले. मग खुद्द गांधीजी आपल्या लोकांसह आले. कुमारप्पांनी महादेवभाईंना सांगितलं की तुमच्या मंडळींचं जेवण आणि मोटारीचं पेट्रोल या निधीतून मिळणार नाही, ते तुम्ही बघा. हा पैसा भूकंपात घर गेलेल्यांचा आहे. ज्या माणसाला अख्खा देश महात्मा म्हणत होता आणि ज्याच्यासाठी यांनी सगळं सोडलं, त्याचं बिल यांनी परत केलं. गांधीजींनी ते मानलं, हेही लक्षात घ्या.

बायबल वाचणाऱ्याला यात पौल दिसेल. यहूदियातल्या गरिबांसाठी पौलाने वर्गणी गोळा केली, तेव्हा पैसे एकट्याने नेले नाहीत. तीतासोबत मंडळ्यांनी निवडलेला माणूस पाठवला, म्हणजे एवढ्या रकमेवरून कोणी बोट दाखवायला नको. करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायात ते आहे. देवासमोर तर व्यवहार चोख हवाच, माणसांसमोरही हवा, असं त्याचं म्हणणं. कुमारप्पांनी पुढे जबलपूरच्या तुरुंगात येशूच्या आचरणावर इंग्रजीत एक पुस्तक लिहिलं आणि त्याच तुरुंगात 'इकॉनॉमी ऑफ परमनन्स' हे अर्थशास्त्राचं पुस्तकही. एकाच कोठडीत दोन्ही. त्यांच्यासाठी ते दोन वेगळे विषय नव्हतेच.

हे आत्ताच का आठवलं, तर गेल्या पावसाळ्यात आमच्या ओळखीतल्या एका घराची भिंत खचली. घर ख्रिस्ती नाही. मंडळीने वर्गणी केली, २३,४५० रुपये जमले. टिना आणि मजुरीला १८,९०० गेले. उरलेल्या ४,५५० मधून उपासनेसाठी माइक घ्यावा, अशी सूचना आली. सूचना करणारा माणूस भला आहे, माइक खरंच खराब झालाय. मी म्हटलं, हे पैसे ज्याच्या भिंतीसाठी मागितले त्याचे आहेत, माइकसाठी वेगळी वर्गणी करू. आणि पूर्ण हिशोब कागदावर लिहून दारावर चिकटवला. त्यावर एक जण रुसला, "आमच्यावर विश्वास नाही का?" मी त्याला पौलाचा तो अध्याय काढून दिला. पौलावर तरी कोणाचा अविश्वास होता? अजून तो माझ्याशी मोजकंच बोलतो. चालेल. त्या घराला ४,५५० मिळाले, त्यांनी दाराची चौकट बसवली.

जक्कयाची गोष्ट आठवा. ठेंगणा जकातदार, झाडावर चढलेला. येशू त्याच्या घरी गेला तेव्हा त्याने लांबलचक प्रार्थना केल्याचं लूक लिहीत नाही. तो आकडे सांगतो: निम्मी मालमत्ता गरिबांना, आणि कोणाचं फसवून घेतलं असेल तर चौपट परत.

तर वेचणीच्या पैशांचं काय ठरलं? आमच्या मंडळीत वेचणी लावणारे शेतकरी चारच. पाळकसाहेबांनी त्यांना बसवलं. पहिला प्रस्ताव होता की शास्त्रात लिहिल्याप्रमाणे रोज संध्याकाळी पैसे. मला वाटलं झालं काम. पण बायांना विचारायला गेलो तर त्यातल्या तिघींनी हात जोडले. "रोजचे रोज नका देऊ जी. घरी गेलं का तो हिसकते." दारूबंदी असलेल्या जिल्ह्यात हे ऐकावं लागतं, यावर वेगळी पोस्ट लिहीन. त्यांचं म्हणणं: बाजाराच्या दिवशी सकाळी द्या, हातात द्या, पण त्याच दिवशी द्या, आणि कापूस विकला-नाही विकला ते आम्हाला सांगू नका. एकीने खात्यावर टाकायला सांगितलं, पण आधी खात्रीने विचारलं की खातं तिच्या एकटीच्या नावावर आहे ते चालेल ना.

म्हणजे नियम सूर्यास्ताचा असला तरी वेळ तिने सांगायची. मोशेच्या नियमातलं कारण "तिचा जीव त्यात अडकलेला असतो" हे आहे, आणि तो कशाने सुटतो हे तिलाच माहीत. पाळकसाहेबांना हे पटलं. एका वडीलधाऱ्यांना नाही पटलं, ते म्हणतात शास्त्रात लिहिलं ते लिहिलं. चर्चा चालू आहे.

तीन शेतकऱ्यांनी होकार दिला. एकाने त्यासाठी दोन क्विंटल कापूस आत्ताच्या भावाने विकला, भाव वाढायची वाट न पाहता. माझ्याकडे एक साधी वही केली आहे: नाव, किलो, दर, रक्कम, दिल्याची तारीख, अंगठा किंवा सही. ज्यांना हवा त्यांनी नमुना घेऊन जा, कुठल्याही धर्माच्या शेतकऱ्याला चालेल.

चौथ्याचं उत्तर यायचं आहे. त्याच्याकडे पहिल्या वेचणीचे चार बायांचे ५,६०० रुपये बाकी आहेत. हे त्याला विचारूनच लिहितोय, तो म्हणाला लिहा, नाव नका टाकू. शनिवारी संध्याकाळी आम्ही दोघं त्याच्या ओसरीवर वही घेऊन बसणार आहोत. काकूंनाही बोलावलं आहे.