कापलेला कर परत मागणे हा आपला हक्क

गोरगरिबाचा आणि आयकराचा काय संबंध, असे आमच्या वस्तीतील बहुतेक बंधू-भगिनींना वाटते. आयकर म्हणजे बंगलेवाल्यांची भानगड! परंतु दर रविवारी विहारात आम्ही लोकांचे कागदपत्र पाहतो, तेव्हा वेगळेच चित्र दिसते. ज्यांना कर लागूच होत नाही अशांचाही कर कापला जातो, आणि तो परत मिळतो हे त्यांना कोणी सांगत नाही.

ओळखीच्या एका जोडप्याचेच पाहा. ट्रकच्या धडकेत दादांचा उजवा पाय गेला. न्यायाधिकरणाने दिलेली १२ लाखांची भरपाई त्यांच्या नावावर मुदत ठेवीत आहे. वहिनी पॅकिंगच्या कामाला जातात. २०२३-२४ या वर्षात ठेवीवर ७ टक्क्यांनी ८४,००० रुपये व्याज मिळाले. बँकेने त्यातून १० टक्के, म्हणजे ८,४०० रुपये कर कापला. ही वहिनींची जवळजवळ महिनाभराची मजुरी! बँकेत विचारले, तर "सरकारजमा झाले, आता मिळणार नाहीत" असे उत्तर मिळाले. एका एजंटाने निम्मे पैसे मागितले.

खरे तर दादांचे उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या कितीतरी खाली होते. कर शून्य, म्हणून कापलेली पै न पै परत. त्यासाठी विवरणपत्र भरायचे, एवढेच.

पण दादा म्हणाले, "भाऊ, मी आता घरावर ओझं. माझ्या नावाने कशाला? हिच्या नावाने करा." आम्ही म्हणालो, "दादा, आपल्या कायद्यात नवरा-बायकोचे एकत्र विवरणपत्र नसते. कर तुमच्या पॅनवर कापला, तेव्हा पैसे तुम्हीच मागायचे आणि तुमच्याच खात्यात यायचे."

पॅन आधारशी जोडलेले होते. २६ एएस उताऱ्यावर कापलेली रक्कम दिसत होती. खाते पडताळून घेतले, आधारच्या मोबाइलवर आलेल्या क्रमांकाने विवरणपत्र पक्के केले. दीड महिन्याने पैसे जमा झाले. दादांनी कुबड्यांचे रबर बदलले आणि मुलीची अकरावीची फी स्वतः जाऊन भरली. वहिनी म्हणाल्या, "लई दिवसांनी हे असे ताठ चालले."

यात अपंगांच्या सवलतीची गरजच पडली नाही. ती सवलत निराळी. १९६१ च्या कायद्यात अपंग व्यक्तीला स्वतःच्या उत्पन्नातून कलम ८० यू खाली, आणि अपंग जोडीदार अवलंबून असेल तर कमावत्याला ८० डीडी खाली वजावट मिळे. अपंगत्व ४० टक्के असल्यास ७५,०००, आणि ८० टक्के वा अधिक असल्यास १,२५,००० रुपये. एकाच अपंगत्वावर दोघांनी दोन्ही घ्यायच्या नाहीत. शिवाय ही वजावट जुन्या करप्रणालीतच होती. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा कायदा लागू, त्यात कलमांचे क्रमांक बदलले. म्हणून चालू वर्षाची माहिती विचारूनच पुढे जावे.

खोटी वजावट दाखवून जास्त पैसे मिळवून देतो म्हणणाऱ्या एजंटापासून मात्र दूर राहा. तपासणीत नोटीस त्याला नव्हे, तुम्हाला येते. पंचशील पाळणाऱ्याला खोट्याची गरज नाही. खरे मागितले तरी पुरे आहे.

परमपूज्य बाबासाहेबांनी १९२७ साली मुंबई विधिमंडळात अर्थसंकल्पावर बोलताना दाखवून दिले होते की, ज्याला उत्पन्नच नाही त्याला आयकर नाही, पण लहान शेतकऱ्याला मात्र सारा चुकत नाही. कर ऐपतीप्रमाणे असावा, हा त्यांचा आग्रह होता. ज्याची ऐपत नाही त्याचा कापलेला कर परत करणे हे त्याच न्यायात बसते. ती भीक नव्हे, उपकारही नव्हे.

तेव्हा ठेवीचे पासबुक, पॅन, आधार आणि अपंगत्वाचा दाखला एका पिशवीत ठेवा. कर लागत नसेल तर वर्षाच्या सुरुवातीलाच बँकेत तसा जाहीरनामा द्या, म्हणजे कापलाच जाणार नाही. पॅन दिले नसेल तर कपात २० टक्के होते, हेही ध्यानात असू द्या. आणि शेजारच्या घरी कोणी अपंग भाऊ-बहीण असेल, तर त्यांचे पासबुक एकदा उघडून पाहा.

जयभीम!