दोन मिक्सर, एक लय

गणपती, सप्ताह, कार्तिकी एकादशी. आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या गावी आता अशा कार्यक्रमांना डिजिटल मिक्सर दिसतो. मंडळातली तरुण मुलं तो भाड्याने आणतात, कुणी वर्गणी काढून विकतही घेतं. एकच मिक्सर असला की काम सोपं असतं. दोन आले की खरी गंमत सुरू होते. चिकोडीत आम्ही ते केलं, त्याची ही गोष्ट.

मी बीई केलं इलेक्ट्रॉनिक्समध्ये, नोकरी मात्र सॉफ्टवेअरची. त्यामुळे सुट्टीला घरी गेलो की गल्लीतला बिघडलेला राउटर, काकूंचा मोबाइल आणि देवळातला मिक्सर ही तीन खाती माझ्याकडे ठरलेली. त्या वर्षी दोन भजनी मंडळांनी एकत्र बसायचं ठरवलं होतं. एक आमचं मराठी अभंगांचं, दुसरं पलीकडच्या गल्लीतलं कन्नड दासरपदांचं. चिकोडी 1956 पर्यंत मुंबई राज्यात होती, त्या वर्षी 1 नोव्हेंबरला म्हैसूर राज्यात गेली. त्यावरून काय काय झालं ते सीमाभागातल्या वाचकांना सांगायला नको. पण विठ्ठल दोन्ही गल्ल्यांचा. पुरंदरदासांची मुद्रिकाच मुळी ‘पुरंदर विठ्ठल’. तरीही एकत्र बैठक बऱ्याच वर्षांत झाली नव्हती आणि दोन्हीकडची म्हातारी मंडळी थकत चालली होती. म्हणून प्रत्येकाचा आवाज वेगळा रेकॉर्ड करून ठेवायचा, असं ठरलं.

आमचे माइक 14, त्यांचे 11. दोन्ही मंडळांचे मिक्सर सोळा-सोळा माइकचे. जुन्या ॲनालॉग मिक्सरमध्ये तिसऱ्या भोकात वायर घातली की आवाज तिसऱ्या पट्टीवरच यायचा. डिजिटलमध्ये तसं नसतं. आत आलेला आवाज कुठल्या पट्टीवर, कुठल्या स्पीकरला आणि कुठल्या गायकाच्या कानाला द्यायचा हे स्क्रीनवर ठरवायचं. यालाच राउटिंग म्हणतात. वायर एकच, पण तिच्यातून कोण जाणार ते आपण ठरवायचं.

दोन्ही मिक्सरना ‘एडॅट’ नावाची सोय होती. एका बारीक ऑप्टिकल वायरीतून उजेडाच्या रूपात आठ आवाज जातात, तेही सेकंदाला 48,000 नमुने घेतले तर. 96,000 घेतले तर चारच जातात. म्हणून आम्ही 48,000 वर थांबलो. आता सीट आठ आणि प्रवासी अकरा! निपाणी-चिकोडी रस्त्यावर वडापमधून फिरलेल्यांना हे गणित नवं नाही. दोन गायक, पेटी, तबल्याचे दोन माइक आणि एकतारी यांना स्वतंत्र जागा दिली. टाळांचे तीन माइक मिळून एक जागा, कोरसचे दोन मिळून एक. बसले आठ.

वायर जोडली, आवाज आला, पण मधूनच ‘टिक्’ असा बारीक खटका. वायर चांगली होती. अडचण घड्याळाची होती. प्रत्येक डिजिटल मिक्सरच्या पोटात क्वार्ट्झचं घड्याळ असतं आणि ते नमुने मोजतं. दोन घड्याळांत दशलक्षात फक्त 20 एवढा फरक असला, तरी 48,000 च्या वेगाने दर सेकंदाला साधारण एक नमुना कमी किंवा जास्त होतो. तोच खटका. उपाय एकच : एका मिक्सरने मोजायचं आणि दुसऱ्याने स्वतःचं घड्याळ सोडून त्याच्या मागून जायचं.

आवाज त्यांच्याकडून आमच्याकडे येत होता आणि त्याच उजेडातून त्यांच्या घड्याळाची लयही येत होती. म्हणजे आमच्या मिक्सरने त्यांच्या मागून जाणं सरळ होतं. हे मी बोललो आणि आमच्या मंडळाचे एक काका उठलेच.

“आपलं मंडळ जुनं. आपला मिक्सर त्यांच्या मागनं का चालायचा?”

“काका, आपले बुवा टाळकऱ्यांच्या लयीतच गातात ना? म्हणून टाळकरी बुवांपेक्षा मोठे होतात का?”

काका थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “तसं असंल तर जोड बाबा.”

आमचा मिक्सर ‘एक्स्टर्नल’वर घेतला आणि खटका गेला. मोजणं त्यांचं, रेकॉर्डिंग आमचं.

दुसरी वायर उलट दिशेने टाकली, म्हणजे कन्नड गायकांना आमचा पखवाज आणि पेटी त्यांच्या मॉनिटरमध्ये ऐकू यावी. इथे एक पथ्य असतं. त्यांच्याकडून आलेला आवाज परत त्यांच्याकडेच पाठवायचा नाही. पाठवला तर तो दोन मिक्सरमध्ये गोल फिरत वाढत जातो आणि शेवटी शिट्टी वाजते. म्हणून परतीच्या आठ जागांवर फक्त आमचीच माणसं बसवली. त्यांच्या एका आजोबांना एका कानाने कमी ऐकू येतं. त्यांच्या मॉनिटरमध्ये फक्त पेटी आणि एकतारी दिली. ते म्हणाले, बऱ्याच दिवसांनी सूर नीट सापडला.

एवढी खटपट कशासाठी? आपल्या देशातलंच एक उदाहरण सांगतो. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत, म्हणजे एनआयडीत, 1969 मध्ये इलेक्ट्रॉनिक संगीताचा स्टुडिओ सुरू झाला. अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी तिथे मूग सिंथेसायझर उभा केला. गीता साराभाई आणि इतर काहींनी त्यावर रचना केल्या. तिथलं राउटिंग हाताने व्हायचं : या भोकातून त्या भोकात वायर. काही वर्षांतच ते काम थांबलं आणि लोक विसरले. पण टेप संस्थेच्या संग्रहात राहिल्या होत्या. पॉल पर्गस या कलाकाराने त्या शोधल्या आणि 2023 मध्ये त्या जगाला ऐकायला मिळाल्या. वायरी कशा जोडल्या होत्या ते त्या दिवसापुरतं. राहिला तो टेपवरचा आवाज.

आमच्या रेकॉर्डिंगचा उपयोग मात्र इतकी वर्षं थांबला नाही. आमच्या गल्लीतला एक मुलगा तबला शिकतो. कन्नड मंडळाच्या तबलजींचा हात त्याला फार आवडला. आवाज वेगवेगळे असल्यामुळे आधी त्याला नुसता तबला ऐकायला दिला. आता तो लॅपटॉपवर तबल्याच्या दोन पट्ट्या बंद करतो आणि बाकीच्या वीस चालू ठेवून त्या जागी स्वतः वाजवतो. अडला की पलीकडच्या गल्लीत जाऊन विचारून येतो. त्याला कन्नड येतं थोडंच, पण बोल दोन्हीकडचे सारखेच आहेत.

तेव्हा आपल्या मंडळाच्या पुढच्या कार्यक्रमात दोन मिक्सर आले तर तीन गोष्टी करा. कोण कुठून कुठे जाणार ते आधी कागदावर काढा. घड्याळ एकाचंच ठेवा. आणि कार्यक्रम संपला की प्रत्येक फाइलला गाणाऱ्या-वाजवणाऱ्याचं नाव आणि तारीख घाला. नाव नसलेला आवाज पुढच्या पिढीला ओळखता येत नाही.